अल्टरनेटिव्ह रॉकचे अल्बम ऐकताना गाणाऱ्याला कुठे ठेवलंय ते आधी ऐका

प्रश्न थोडक्यात असा आहे: निर्वाना बँडचा नेव्हरमाइंड ऐकला, जाम आवडला, मग लोक सांगतात म्हणून त्यांचाच इन युटेरो, माय ब्लडी व्हॅलेंटाइनचा लव्हलेस आणि रेडिओहेडचा ओके कम्प्युटर लावले, तर पहिला कच्चा वाटला, दुसऱ्यात गाणारीचा एक शब्द कळेना, तिसरा चांगला आहे पण जवळ येत नाही. मग या अल्बमना लोक एवढं डोक्यावर का घेतात, आणि पुढे काय ऐकायचं? मी बँड रेकॉर्ड करतो आणि मिक्स करतो, म्हणजे वेगवेगळे रेकॉर्ड केलेले आवाज एकत्र बसवतो, बरीच वर्षं हेच काम आहे आणि काम संपल्यावर ऐकतो तेही हेच, त्यामुळे उत्तर लांबणार आहे, सवडीने वाचा.

तुम्हाला जे खटकलं ते अगदी बरोबर खटकलंय. हे तिन्ही अल्बम असेच ऐकू यावेत म्हणून कोणीतरी बसून, डोकं लावून तसे केलेत. आपल्या कानाला सवय असते ती गायक मधोमध, सगळ्यात पुढे, आणि बाकी सगळी वाद्यं त्याच्या मागे अशी. या लोकांनी नेमकी तीच मांडणी हलवली. म्हणून माझं सरळ मत आहे की शब्द, बंडखोरी, फाटक्या जीन्स, निर्वाना जिथून गाजले ते सिअ‍ॅटल शहर वगैरे सगळं नंतर बघा, आधी दोनच गोष्टी ऐका: गाणाऱ्याला मिक्समध्ये कुठे ठेवलंय, आणि ड्रम्स कुठल्या खोलीत वाजतायत. एवढं ऐकू यायला लागलं की अर्धे अल्बम आपोआप उलगडतात.

निर्वानापासूनच सुरुवात करू, कारण बँड तोच, ड्रमर तोच, दोन अल्बममध्ये अंतर दोनच वर्षांचं, त्यामुळे फरक जो काय ऐकू येतो त्यातला बराचसा रेकॉर्डिंगचा आहे. नेव्हरमाइंड सप्टेंबर १९९१ मध्ये आला, बुच विगनं लॉस एंजेलिसमधल्या साउंड सिटी स्टुडिओत रेकॉर्ड केला आणि शेवटचा मिक्स केला अँडी वॉलेसनं, ज्यानं त्याआधी स्लेअरसारख्या मेटल बँडचं काम केलं होतं. विगनं गायक कर्ट कोबेनचा आवाज बऱ्याच ठिकाणी दोनदा गाऊन घेतलाय आणि एकावर एक ठेवलाय, कोबेन तयार नव्हता, तेव्हा जॉन लेननही असंच करायचा हे सांगून त्याला पटवलं. दोन टेक कधीच तंतोतंत जुळत नाहीत, वेळेचा आणि सुराचा किंचित फरक राहतोच, आणि कान तो फरक जाडी म्हणून ऐकतो. कोरसमध्ये, म्हणजे धृपदात, कोबेन एवढा मोठा वाटतो त्याचं एक कारण हे. दुसरं कारण म्हणजे व्हर्समध्ये, म्हणजे कडव्यात, रिकामी ठेवलेली जागा. स्मेल्स लाइक टीन स्पिरिटच्या व्हर्समध्ये गिटार फक्त दोन सुटे सूर वाजवते, खाली बेस आणि ड्रम्स, बाकी काही नाही. कोरसला गिटारी एकदम भरून येतात आणि आपल्याला वाटतं आवाज दुप्पट झाला, मीटरवर बघाल तर उडी तेवढी मोठी नसते, वाढलेली असते ती गर्दी. ही युक्ती पिक्सीज या बँडकडून उचलली हे कोबेननं स्वतःच सांगितलंय, त्यात लपवण्यासारखं काही नाही.

आणि याच चकचकीत अल्बममध्ये समथिंग इन द वे हे गाणं आहे. कोबेन सोफ्यावर पडून इतक्या हळू गात होता की विगनं त्याला कंट्रोल रूममध्येच रेकॉर्ड केलं, पंखे बंद, फोनची वायर काढलेली. गिटार धड सुरात लावलेली नव्हती, त्यामुळे नंतर बाकीच्यांना आपली वाद्यं त्या गिटारीशी जुळवून घ्यावी लागली. आमच्या धंद्यात याच्या उलट करायची पद्धत आहे, आधी ड्रम्स आणि बेस पक्के, मग त्यावर आवाज. इथे आवाज आधी आला आणि बँड त्याच्या मागे चालत गेला, आणि ते ऐकताना कळतं.

आता इन युटेरो. फेब्रुवारी १९९३, मिनेसोटातल्या एका लहान गावाबाहेरचा पॅकिडर्म स्टुडिओ, साधारण दोन आठवड्यांत काम संपलं. माणूस स्टीव्ह अल्बिनी, जो स्वतःला प्रोड्युसर म्हणवून घ्यायचाच नाही, त्याच्या हिशोबानं तो फक्त रेकॉर्डिंग करणारा, आणि त्यानं रॉयल्टी नाकारून ठरलेली एकच रक्कम घेतली, एक लाख डॉलर. रॉयल्टी ही वाजवणाऱ्यांची, असं त्याचं म्हणणं होतं, आणि ते तो शेवटपर्यंत पाळत राहिला, मे २०२४ मध्ये गेला तोपर्यंत. मला या धंद्यात ज्यांच्याबद्दल मनापासून आदर आहे त्यात तो फार वर आहे.

अल्बमचं दुसरं गाणं, सेंटलेस अप्रेंटिस, लावा आणि पहिले काही सेकंदच परत परत ऐका. ड्रमर डेव्ह ग्रोल एकटा वाजवतोय. स्नेअर या ड्रमचा फटका पडतो, आणि त्याच्यामागून लगेच खोली ऐकू येते, भिंतींवरून परत आलेला आवाज. अल्बिनी ड्रम्सच्या जवळ माइक लावायचाच पण दूरही लावायचा, जमिनीपाशी, कोपऱ्यात, आणि मग ते दूरचे माइक मिक्समध्ये चांगले वर ठेवायचा. मशीनमधून काढलेला रिव्हर्ब, म्हणजे घुमणारा आवाज, वेगळा आणि ही खरी खोली वेगळी, खरी खोली फटक्याच्या जोराप्रमाणे बदलते, हळू मारलं तर लहान होते, जोरात मारलं तर अंगावर येते. आणि कोबेन? तो या सगळ्याच्या पुढे नाहीये, मध्ये उभा आहे. तुम्हाला कच्चं वाटलं ते हेच, गायकाला बाकीच्यांपासून वाचवलेलं नाही. आता लगेच पुढचं गाणं, हार्ट शेप्ड बॉक्स, ऐका. तो आवाज दोन पावलं पुढे आलेला जाणवेल, कारण हे गाणं आणि ऑल अपॉलॉजीज ही दोन गाणी नंतर, आर.ई.एम. या बँडसोबत आधी काम केलेल्या स्कॉट लिटकडून पुन्हा मिक्स करून घेतली होती. एकाच अल्बममध्ये लागोपाठ दोन विचार ऐकायला मिळतात, यापेक्षा चांगला धडा शोधून सापडणार नाही. माझ्यासाठी इन युटेरो हा नेव्हरमाइंडपेक्षा मोठा अल्बम आहे, आणि हे मी कोणाशीही वाद घालून सांगायला तयार आहे. नेव्हरमाइंडमध्ये गाणी जास्त चांगली असतील कदाचित, पण इन युटेरोमध्ये तीन माणसं एका खोलीत आहेत हे प्रत्येक सेकंदाला कळतं.

अल्बिनी पटला असेल तर मागे जा, पिक्सीजचा सर्फर रोझा, १९८८, तोही त्यानंच रेकॉर्ड केलेला, आणि मग त्याच्या पुढच्याच वर्षीचा डूलिटल, जो गिल नॉर्टननं केला. डूलिटलची गाणी नेटकी आहेत आणि बहुतेक लोक त्यालाच वरचा नंबर देतात. मी सर्फर रोझाला देतो, ड्रम्ससाठी, आणि वेअर इज माय माइंडमध्ये मागून येणाऱ्या, बेस वाजवणाऱ्या किम डीलच्या त्या आवाजासाठी, जो स्टुडिओच्या बाथरूममध्ये रेकॉर्ड केलाय. कुठलंही यंत्र तसा आवाज देत नाही.

आणि पीजे हार्वीचा रिड ऑफ मी, १९९३, हा तर सोडूच नका. तोच अल्बिनी, तोच पॅकिडर्म, इन युटेरोच्या थोडंच आधी. पहिलं गाणं इतक्या हळू सुरू होतं की हात आपोआप आवाज वाढवायला जातो, आणि वाढवलात की काही वेळानं बँड येऊन आदळतो. कितीतरी जणांना हा अल्बम नीट मिक्स केलेला नाही असं वाटतं. मला वाटतं भीती आणि राग एकाच गाण्यात बसवायचे तर याहून प्रामाणिक मार्ग नाही, दोन्ही टोकं सपाट करून मध्ये आणली असती तर गाणंच उरलं नसतं.

लव्हलेसचं आता. इथे जरा जास्त थांबतो कारण सगळ्यात जास्त गैरसमज याच अल्बमबद्दल आहेत. माय ब्लडी व्हॅलेंटाइन, नोव्हेंबर १९९१, दोन वर्षांहून जास्त काळ चाललेलं रेकॉर्डिंग, एकोणीसच्या आसपास स्टुडिओ बदलले, आणि खर्चाचे आकडे असे फिरले की रेकॉर्ड कंपनी त्यात बुडायला आली होती असं लोक सांगतात, बँडचा गिटारवाला केविन शील्ड्स याला ते आकडे मान्य नाहीत. तो भाग सोडून द्या. लोकांना वाटतं इथे गिटारीचे शेकडो थर आहेत. प्रत्यक्षात शील्ड्सनं बऱ्याच ठिकाणी अगदी थोड्या गिटारी वापरल्यात. गंमत हाताची आहे. त्या गिटारीला ब्रिजपाशी एक दांडा असतो, ट्रेमोलो आर्म, तो खाली-वर केला की तारा ढिल्या-घट्ट होतात आणि सूर सरकतो. बाकीचे तो अधूनमधून, सूर ओढायला वापरतात. शील्ड्स तो दांडा मुठीत धरूनच स्ट्रमिंग करतो, म्हणजे प्रत्येक फटक्यासोबत अख्खी कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे सूर, थोडी वर, थोडी खाली. एकही सूर जागेवर थांबत नाही. त्यावर उलटा रिव्हर्ब, ज्यात आवाज विझत जायच्या ऐवजी फुगत येतो, आणि त्यामुळे कॉर्ड नेमकी कधी सुरू झाली हेच कळत नाही. लहरणाऱ्या पाण्याच्या तळाशी पडलेलं नाणं बघावं तसं ते ऐकू येतं, आहे तिथेच आहे पण कडा धरता येत नाहीत.

आणि शब्द का कळत नाहीत? माणसाच्या बोलण्यातला अर्थ मुख्यतः व्यंजनांत असतो, क, त, स वगैरे, आणि ती व्यंजनं जरा वरच्या पट्ट्यात असतात, साधारण दोन हजार हर्ट्झच्या पुढे. डिस्टॉर्शन लावलेली, म्हणजे मुद्दाम फाटका-खरखरीत आवाज केलेली गिटारही नेमकी तीच जागा भरते. दोघं सारख्याच पातळीवर ठेवले की व्यंजनं गिटारीखाली बुडतात आणि वर फक्त स्वर तरंगत राहतात. एरवी मिक्स करताना आम्ही गिटारीत त्या जागी थोडी कपात करून गायकाला वाट करून देतो, रोजचं काम आहे ते. लव्हलेसमध्ये ती वाट दिलेली नाही, गायिका बिलिंडा बुचरचा आवाज हे आणखी एक वाद्य आहे. ती बऱ्याचदा पहाटे झोपेतून उठवल्यावर गायची, हे तिनंच सांगितलंय, आणि त्या आवाजात जोर लावलेला नाही हे स्पष्ट कळतं. त्यामुळे शब्द शोधू नका. गाणाऱ्याचा सूर गिटारीच्या सरकत्या सुराशी कधी जुळतो आणि कधी सुटतो एवढंच धरून ऐका, बघा काय होतं ते. तुम्ही म्हणाल मग त्यात गाणं काय राहिलं. चाल राहते, आणि चाली फार गोड आहेत, हे लोक विसरतात.

लव्हलेसवर ज्या इंजिनिअर्सनी काम केलं त्यातला एक अ‍ॅलन मोल्डर, आणि स्मॅशिंग पंपकिन्सचा सायमीज ड्रीम, १९९३, मिक्स केला तोही मोल्डरनंच. रेकॉर्ड केला बुच विगनं. म्हणजे नेव्हरमाइंडचा हात आणि लव्हलेसचा कान एका अल्बमवर. आणि इथे मात्र थर खरोखर आहेत, बँडचा म्होरक्या बिली कॉर्गननं गिटारी आणि बेस जवळजवळ सगळे स्वतःच वाजवलेत, सोमा या एका गाण्यात चाळीसच्या आसपास गिटारी असल्याचं सांगतात, आणि हे सगळं टेपवर, कॉम्प्युटरवर कट-पेस्ट न करता. मी स्वतः गिटारीचे थर चढवायला बसतो तेव्हा काही थरांनंतर सगळ्याचा चिखल व्हायला लागतो, प्रत्येक थर पुढच्याच्या पायावर पाय देतो. याच अल्बममधल्या चेरब रॉकमध्ये तसं होत नाही, कारण प्रत्येक थराचा टोन थोडा वेगळा ठेवलाय आणि मुख्य म्हणजे वाजवताना हाताचा टायमिंग दगडासारखा पक्का आहे. शिवाय जिमी चेंबरलिनचे ड्रम्स, जे या भिंतीतूनही स्वच्छ बाहेर येतात. तुम्हाला नेव्हरमाइंड आवडला असेल तर हा आवडणारच, पैज लावतो. नंतरचा मेलन कॉली मात्र अठ्ठावीस गाण्यांचा, दोन तासांचा, त्यातली निम्मी गाणी ठेवली असती तर तो अल्बम आज कितीतरी वर असता असं माझं मत आहे, भक्त लोक रागावतील पण खरंय.

रेडिओहेड. ओके कम्प्युटर जवळ येत नाही म्हणालात, आणि मला ते पूर्ण पटतं, कारण त्यात आवाज जाणूनबुजून एका मोठ्या जागेत ठेवलाय. १९९७ चा अल्बम, प्रोड्युसर नायजेल गॉड्रिचबरोबर बराचसा इंग्लंडमधल्या बाथ शहराजवळच्या एका जुन्या हवेलीत रेकॉर्ड केलेला, एक्झिट म्युझिक या गाण्याचा आवाज तिथल्या दगडी जिन्यात गायलाय, आणि सुरुवातीला नुसता गळा आणि गिटार असतानाही आपल्याला माणसापेक्षा जागा जास्त ऐकू येते. एकटेपणा हाच विषय असेल तर हे अगदी योग्य आहे. पण मला विचाराल तर रेडिओहेडचा सगळ्यात चांगला अल्बम इन रेनबोज, २००७. दहा गाणी, बेचाळीस-त्रेचाळीस मिनिटं. ड्रम्स कोरडे, कानाजवळ, गायक थॉम यॉर्कचा आवाज एक हात अंतरावर. रेकनर लावा आणि ते सतत खुळखुळणारं पर्कशन ऐका, किंवा नूड, जे गाणं बँडकडे नव्वदच्या दशकापासून पडून होतं आणि त्याला योग्य जागा सापडायला एवढी वर्षं लागली. हा अल्बम आला तेव्हा सगळी चर्चा झाली ती वाटेल ती किंमत द्या आणि डाउनलोड करा या प्रकाराची, संगीताबद्दल लोक कमीच बोलले. आणि ते डाउनलोड १६० केबीपीएसचं, म्हणजे बारकावे कापून लहान केलेलं एमपी३ होतं, तेव्हा तुमच्याकडे कुठून तरी आलेली ती जुनी फाइल असेल तर ती काढून टाका आणि सीडीच्या क्वालिटीत ऐका, रेकनरच्या झांजांमध्येच फरक कळेल. त्यांचाच किड ए नंतर ऐका, तो रॉक म्हणून ऐकायला गेलात तर हाती काही लागणार नाही.

आर.ई.एम.चा मर्मर, १९८३, हा या सगळ्याच्या मुळाशी आहे. गायक मायकल स्टाइप काय म्हणतोय ते तेव्हाही कोणाला धड कळत नव्हतं, पण गिटार स्वच्छ, सुटी सुटी, आणि आवाज तिच्यात मिसळलेला. लव्हलेसचे शब्द कळत नाहीत म्हणून अडला असाल तर मधली पायरी म्हणून मर्मर फार कामाचा आहे. स्लिंटचा स्पायडरलँड, १९९१, सहाच गाणी, त्यात माणूस बराच वेळ नुसता बोलतो, कुजबुजतो, आणि अगदी शेवटी ओरडतो. तो एकट्यानं ऐकायचा अल्बम आहे. सॉनिक यूथचा डेड्रीम नेशन आवडायला वेळ लागतो, घाई करू नका.

माझं म्हणणं स्वतःच्या कानानं तपासायचं असेल तर पर्ल जॅमचा टेन घ्या. १९९१ चा मूळ मिक्स टिम पामरचा, भरपूर रिव्हर्ब असलेला. बँडला तो रिव्हर्ब पुढे खटकायला लागला आणि २००९ मध्ये ब्रेंडन ओब्रायनकडून तोच अल्बम नव्यानं मिक्स करून घेतला, कोरडा, जवळचा. वाजवणं तेच, गाणं तेच. त्यातलं ब्लॅक हे गाणं दोन्ही मिक्समध्ये लागोपाठ ऐका. नव्यात गायक एडी व्हेडर समोर बसलाय, वाद्यं वेगवेगळी मोजता येतात, काम उत्तम आहे. तरी मी जुनाच लावतो, कारण त्या गाण्याच्या शेवटी तो माणूस दूर जाताना ऐकू यायला हवा, आणि ते अंतर रिव्हर्बनंच मिळतं. तुमचं मत उलट असू शकतं, पण ते बनवायला दोन्ही ऐकावे लागतील.

एक तांत्रिक गोष्ट, जी लोक बघत नाहीत. तुम्ही कुठली आवृत्ती ऐकताय? नव्वदच्या उत्तरार्धापासून अल्बम जास्तीत जास्त मोठ्या आवाजात मास्टर करायची (मिक्सवर शेवटचा हात फिरवायची) शर्यत लागली, म्हणजे हळू भाग वर उचलायचा आणि मोठ्या भागाची टोकं छाटायची. रेड हॉट चिली पेपर्सचा कॅलिफोर्निकेशन, १९९९, त्याचं बदनाम उदाहरण, गाणी चांगली असून पंधरा मिनिटांत कान थकतात. नेव्हरमाइंडची २०११ ची वीस वर्षांनिमित्त आलेली आवृत्तीही १९९१ च्या सीडीपेक्षा बरीच दाबलेली आहे, आणि ज्या अल्बमचा सगळा जीव हळू-मोठ्याच्या फरकात आहे त्यात तो फरकच कमी केला तर राहिलं काय. जुनी सीडी मिळाली तर तीच घ्या. इन युटेरोची २०१३ ची आवृत्ती याला अपवाद, त्यात अल्बिनीनं सगळा अल्बम नव्यानं मिक्स केलाय, तो वेगळा म्हणून ऐकण्यासारखा आहे. आणि तुलना करताना दोन्हीचा व्हॉल्यूम कानानं सारखा करून घ्या, कारण जे मोठं वाजतं ते आपल्याला आधी चांगलंच वाटतं, मलाही वाटतं, प्रत्येकाला वाटतं.

आता क्रम. आधी सायमीज ड्रीम, तो तुम्हाला लगेच धरेल. मग सर्फर रोझा, म्हणजे ती उघडी खोली कानाला ओळखीची होईल. त्यानंतर इन युटेरो पुन्हा, या वेळी सेंटलेस अप्रेंटिसपासून. मग रिड ऑफ मी, शक्यतो सलग, मध्ये न थांबता. मग इन रेनबोज, आणि तो मुरल्यावर ओके कम्प्युटरकडे परत या, हेडफोनवर, रात्री, तेव्हा तो दगडी जिना ऐकू येईल. मर्मर मध्ये कुठेही चालेल. लव्हलेस सगळ्यात शेवटी, आणि तो मात्र स्पीकरवर, नेहमीपेक्षा थोडा मोठ्यानं, कारण कमी आवाजात त्याचा खालचा भाग विरून जातो आणि वरची नुसती खसखस उरते. पहिल्या गाण्यापासून सुरुवात जड गेली तर शेवटचं, सून, आधी लावा. त्यात बीट सरळ नाचायची आहे, धरायला काहीतरी मिळतं, आणि तिथून उलटं मागे मागे आलात तरी काही बिघडत नाही.